धुरपदाबाईची अक्षत

बुऱ्हाणपुरात लग्नपत्रिका छापून पोस्टाने धाडायची फॅशन यायच्या आधी बोलावणं पायांनी जायचं, आणि ते पाय बहुतेक वेळा धुरपदाबाईचे असायचे. राजपुऱ्यापासून शनवाऱ्यापर्यंत समाजाची दोन-अडीचशे घरं. लग्न ठरलं की घरची बाई आधी धुरपदाबाईला बोलावणार, तिच्यापुढे पाट मांडणार आणि कुणाकुणाकडे जायचं ते सांगणार. धुरपदाबाईला एक अक्षर लिहिता येत नव्हतं, पण अडीचशे घरं, त्या घरांतली माणसं आणि त्यांची आपापसातली भांडणं तिला तोंडपाठ होती.

हातात पितळी ताट, ताटात हळदीकुंकवाची कोयरी आणि पिवळ्या अक्षतांची वाटी. उंबऱ्याशी वाकून ती चिमूटभर अक्षत ठेवायची. घरच्या बाईने ती उचलून देवापाशी नेऊन ठेवली की शब्द दिला गेला. मग आजारपण येवो की पाहुणे येवोत, जायचंच. उचललेली अक्षत परत केलेली कुणी कधी पाहिली नव्हती. तसं केलं तर दोन्ही घरांचं वाईट होतं असं सगळ्या बायका सांगत, आणि ते खरं की खोटं हे करून बघायची हिंमत कुणाला नव्हती.

पण अक्षत सगळेच ठेवतात. धुरपदाबाईची गंमत तिच्या विचारण्यात होती. दुसरी एखादी बाई दारात उभी राहून विचारायची, “येणार ना लग्नाला?” आणि लगेच त्या घराला शंभर अडचणी आठवायच्या. धुरपदाबाईने जन्मात असा प्रश्न केला नाही. ती विचारायची, “पहिल्या पंगतीले बसता का दुसऱ्या?” झालं! घरची बाई विचारात पडायची. मालक जिनिंगातून बाराला सुटतात, म्हणजे दुसरीच बरी. सासूबाईंना भूक निघत नाही, त्यांना पहिलीत बसवू. या हिशेबात आपण त्या घराशी दिवाळीपासून बोलत नाही, हे ती साफ विसरून जायची.

गोदाबाईचं उदाहरण तर गावभर सांगत. ती अकरा वर्षं दिराच्या घरचं पाणी प्यायली नव्हती. दिराच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा धुरपदाबाई तिच्या दारात गेली आणि म्हणाली, “गोदाबाई, बट्ट्या भाजायले बसशीन का वाढायले उभी राह्यशीन?”

“वाढायले कोन उभं राहीन, माय! गुडघे पाहिले का माझे?” गोदाबाई फणकारली, आणि लग्नाच्या दिवशी पहाटे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांपाशी कणकेच्या बट्ट्या भाजायला जाऊन बसली. अकरा वर्षांचा अबोला संध्याकाळपर्यंत वरणात विरघळला. काय ती लग्नं होती! मांडवात अंथरलेली सतरंजी, द्रोणातून ओघळणारं वरण, पत्रावळीच्या काठाशी वांग्याची भाजी, आणि उशिरा आलेल्याला “अहो, बसा हो” म्हणून दंडाला धरून बसवणारी माणसं. आता हॉलच्या दारात उभं राहून कोण आलं, कोण नाही, हे बघायलाही कुणाला वेळ नसतो.

धुरपदाबाईचा नवरा लवकर गेला. बोलावण्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या धान्यावर आणि लुगड्यांवर तिने एकुलती एक मुलगी वाढवली. सुमन तिचं नाव. मुलगी हुशार, मराठी सातवीची फायनल पहिल्या झटक्यात पास झालेली. पंधराव्या वर्षी तिला खकनारला दिली आणि एकविसाव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. मूलबाळ नाही. “वर्षभर ऱ्हाऊ द्या आईपाशी,” असं सासरचे म्हणाले. वर्ष संपत आलं तशी सुमनची झोप उडाली. सासरी मोठा दीर देवराम, त्याची चार मुलं, दोन म्हशी आणि कापसाचं शेत. तिथे विधवा भावजय म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लग्न झाल्यावर सहा वर्षं तिने ते घर पाहिलं होतं.

तिला वाचवलं शालिग्राम गुरुजींनी. घाटाच्या बाजूला एक लहानशी प्राथमिक शाळा होती, तिचे ते हेडमास्तर. मराठी वर्गाला मास्तर मिळेना, म्हणून त्यांनी सुमनला हंगामी लावून घेतलं. देवराम येऊन बघून गेला. पगार थोडा होता, पण सरकारी शिक्क्याचा होता. “नोकरी हाय तवर ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “नोकरी संपली का मी न्यायले येतो.” तो वाईट माणूस नव्हता. त्याला घरात कामाला दोन हात कमी पडत होते, एवढंच.

ते छप्पन साल होतं. नोव्हेंबरात प्रांतांचे तुकडे इकडचे तिकडे झाले. अकोला, अमरावती, नागपूर सगळी मुंबईकडे गेली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी झाली भोपाळ, जिथे गावातलं कुणी कधी गेलेलं नव्हतं. अकोल्याला दिलेल्या मुली एका रात्रीत परप्रांतात गेल्या. कचेरीतल्या पाट्या बदलल्या. शाळेत हिंदीचे दोन नवे वर्ग आले आणि सत्तावन्नच्या जूनमध्ये गुरुजींच्या टेबलावर कागद आला: चाळीस मुलं असतील तर मराठी वर्ग चालेल, नाहीतर मुलं हिंदीत घ्यावीत. जुलैत अधिकारी येऊन डोकी मोजतील.

गुरुजी सज्जन आणि सरळ माणूस. वही घेऊन ते घरोघर गेले आणि प्रत्येक दारात म्हणाले, “मुलांना मराठीत घालायचं की हिंदीत? दोन्हींत फायदे आहेत, दोन्हींत तोटे आहेत. नीट विचार करून सांगा.” लोकांनी मान डोलवली, गुरुजींना चहा पाजला आणि विचार करून सांगतो म्हणाले. चार दिवसांत वहीत नऊ नावं.

पाचव्या दिवशी सुमन घरी आली ती भिंतीला पाठ लावून बसली. धुरपदाबाईने तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं, आणि गुरुजींचा प्रश्न ऐकून तिला हसूच आलं. “अवं, असं इचारल्यावर मानूस काय सांगीन? उद्या मी जाते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लुगडं बदललं आणि सवयीने ताट घेतलं. ताटात कोयरी ठेवली, अक्षता ठेवल्या. शाळेत नाव घालायला अक्षत कशाला, हा विचार तिच्या मनात आलाच नाही. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं तिला माहीतच नव्हतं. दारात जाऊन ती म्हणायची, “तुमच्या पोरीले खिडकीपाशी बसवू का सुमनच्या टेबलापाशी?” आणि उंबऱ्याशी वाकून चिमूट ठेवायची.

“खिडकीपाशी नको, लक्ष लागत नई तिचं,” आई म्हणायची आणि अक्षत उचलायची.

तीन दिवसांत एकतीस नावं आली, गुरुजींची नऊ धरून बरोबर चाळीस. गुरुजींनी वहीतली नावं दोनदा मोजली आणि धुरपदाबाईच्या पाया पडायचेच बाकी राहिले. “बाई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं,” ते म्हणाले. सुमन त्या संध्याकाळी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

शाळा उघडली. वहीत चाळीस आणि वर्गात रोज एकोणचाळीस. लोटूची मुलगी वच्छी एकही दिवस आली नव्हती. लोटू नेपानगरच्या कागदाच्या कारखान्यात मजुरीला होता, सकाळच्या गाडीने जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. मोजणीच्या दोन दिवस आधी गुरुजी म्हणाले, “एक जरी कमी पडलं तरी साहेब वर्ग ठेवणार नाहीत.” तेव्हा धुरपदाबाई वच्छीला आणायला निघाली.

दुपारची वेळ होती. लोटूची बायको मालूबाई ओट्यावर शेंगा निवडत होती आणि आठ वर्षांची वच्छी शेळीला पाला घालत होती. धुरपदाबाईला बघून मालूबाई उठली आणि पदर सावरून उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

“पोरगी आजारी हाय का वं, माले?”

“नई, माय.”

“मंग साळेत काहून नई येत?”

 मालूबाई एकदम रडायलाच लागली. तिने सांगितलं ते असं. कारखान्यात फळ्यावर हिंदीत नोटिसा लागतात. लोटू तिसरीपर्यंत मराठी शिकलेला. अक्षरं सगळी ओळखीची, पण वाक्याचा अर्थ लागत नाही. दोन वेळा दुसऱ्याच्या भरवशावर राहून त्याची पाळी चुकली आणि मुकादम चारचौघांत हसला. तेव्हापासून त्याने ठरवलं होतं की वच्छीला हिंदीच शिकवायचं.

“अन् त्या दिशी तुमी आल्या. खिडकीपाशी का टेबलापाशी इचारलं. मी म्हनलं टेबलापाशी. कसं म्हनलं, मलेच समजलं नई. अक्षत उचलून बसली मी! हे घरी आले तं कपाळाले हात लावला यांनी. मराठीत धाडायचं तं यांचं मन नई. हिंदीत धाडावं तं अक्षत मोडते. मागच्या साली माह्या घरातला पाळना रिकामा झाला, माय. आता अजून काही इपरीत झालं तं? म्हनून घरीच ठिवली पोरीले.”

धुरपदाबाई ओट्यावर बसली. तिला बसावंच लागलं. इतकी वर्षं ती पंगती भरत आली होती. पंगतीत कुणाला नको असताना आणून बसवलं तर फार तर चार घास जास्त जायचे आणि एखादं भांडण मिटायचं. इथे एक मुलगी दोन्ही शाळांतून सुटून शेळीमागे लागली होती. तिला स्वतःची लाज वाटली. तशी लाज तिला नवरा गेल्यावर पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरचं धान्य पदरात घेतानाही वाटली नव्हती.

आणि तरीही, खोटं कशाला सांगायचं, जिभेवर वाक्य तयार होतं. ‘वच्छीले उद्या लाल परकर घालतीस का निळा?’ एवढंच म्हणायचं होतं. मालूबाई ‘लाल’ म्हणाली असती, चाळीस पुरे झाले असते आणि सुमन राहिली असती. धुरपदाबाईने ते वाक्य कसंबसं गिळलं.

“माले,” ती म्हणाली, “तुले काय पाहिजे?”

मालूबाई तिच्याकडे बघतच राहिली. हा प्रश्न तिला कुणी केलाच नसावा. ती आधी म्हणाली, “यांचं म्हननं असं का…”

“त्याचं ऐकलं मी. तुह्यं सांग. नई म्हनलीस तरी मले राग नई येनार.”

 शेवटी मालूबाई खाली बघून म्हणाली, “हिंदी. पोरीवर कोनी हासू नये, माय.”

“आन ती अक्षत.”

देवापाशी एका वाटीत ती तशीच होती. मालूबाईने वाटी आणली. धुरपदाबाईने पदर पसरला. “मी ठिवली होती, मीच उचलते. दोष लागला तं मले लागो. तुह्या घराशी त्याचा काही संबंध नई.” अक्षत पदरात घेऊन तिने गाठ मारली आणि ती घरी निघाली. वाटेत दोनदा तिला मागे वळावंसं वाटलं.

सुमनला सांगितलं तेव्हा सुमन भाकरी थापत होती.  तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही. मग म्हणाली, “बरं केलंस,” आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. धुरपदाबाई बाहेर एकटीच बसली.

धुरपदाबाई अक्षत परत घेते ही बातमी मात्र सकाळपर्यंत साऱ्या आळ्यांत पोचली. नळावर दुसरा विषय नव्हता. मग एकेक बाई येऊ लागली. कुणी पदराआडून वाटी काढायची, कुणी चिमूट नुसती मुठीत घेऊन उभी राहायची. एक बाई म्हणाली, “आमचे हे म्हनतात पोरगं दुकानावर बसनार, हिंदी लागीन.” दुसरीचा भाऊ खंडव्याला नोकरीला होता, मुलगा तिकडेच जाणार होता. धुरपदाबाईने एकीलाही मागे वळवलं नाही. प्रत्येकीला तिने आधी विचारलं, तुला काय पाहिजे, आणि मग पदर पसरला. दुपारपर्यंत आणखी दहा नावं गेली.

काही बायका उलट सांगायलाही आल्या. मथुराबाई दारातूनच ओरडली, “माह्या दोन्ही पोरी मराठीतच बसतीन! माही अक्षत मांगू नको!” धुरपदाबाईला एवढ्या दुःखातही हसू फुटलं.

एकोणतीस उरले. साहेब आले, त्यांनी मोजले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले. महिन्याच्या अखेरीस मराठी वर्ग बंद झाला, सुमनची हंगामी नोकरी संपली. गुरुजी संध्याकाळी घरी येऊन बसले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “बाई, चाळीस होती हो,” आणि चष्मा पुसत राहिले. जाताना म्हणाले, “हिंदीची परीक्षा दिली तर पुढल्या वर्षी बघता येईल. पण वर्षभर काय करणार?”  मथुराबाईसारख्या सात-आठ घरांनी सकाळी तासभर मुलींना मराठी शिकवायला सुमनला सांगितलं होतं. त्यात एका माणसाचं भागलं असतं, दोघींचं कठीण होतं.

चौथ्या दिवशी देवराम आला. त्याने पाय धुतले, पाणी प्यायला, म्हशी कशा आहेत ते सांगितलं, कापसाला यंदा कीड नाही म्हणाला. चांगल्या मनाने आला होता. सुमनसाठी त्याने एक लुगडंही आणलं होतं. मग मांडी बदलून तो म्हणाला, “मंग मावशी, गाडी सोमवारी आनू का गुरुवारी?”

धुरपदाबाई विचार करू लागली. सोमवारी घाई होईल. दळण आणायचं आहे, सुमनचं अंथरूण शिवायचं आहे. गुरुवारचा वार चांगला. शिवाय बाजारही होऊन जाईल. “गुरुवारी…” असा शब्द तिच्या तोंडातून अर्धा बाहेर पडलाही, आणि ती थबकली.

भिंतीपाशी सुमन बसली होती. तिने डोळे मिटून घेतले होते.

असे मिटलेले डोळे धुरपदाबाईने आधी एकदा पाहिले होते. आठ वर्षांपूर्वी याच खोलीत, पंधरा वर्षांची सुमन शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बसलेली आणि धुरपदाबाई तिला लाडाने विचारत होती, “बाई वं, लगीन माघात करू का फाल्गुनात?” सुमनने डोळे मिटून घेतले होते आणि म्हणाली होती, “फाल्गुनात.” धुरपदाबाईने साऱ्या गावात सांगितलं होतं की माझ्या मुलीला विचारून लग्न केलं. आठ वर्षं तिची तीच समजूत होती. मुलीला महिनाभर तरी जास्त शाळेत जायचं होतं, हे तिला आज कळलं.

 धुरपदाबाईने देवरामकडे पाठ केली आणि सुमनपाशी जाऊन बसली.

“सुमन,” ती म्हणाली, “तुले जायचं का, माय?”

सुमनने डोळे उघडले.

“उपाशी ऱ्हावं लागलं तं दोघी ऱ्हाऊ. मले बरं वाटावं म्हनून काही सांगू नको. जायचं असन तं हाव म्हन. नसन तं नई म्हन.”

सुमन आईकडे बघत राहिली.  तेवीस वर्षांत या घरात तिने ‘नई’ हा शब्द उच्चारला नव्हता. मग ती एकदम मोठ्याने, शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, “नाही. नाही जायचं मला.”

आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती हमसून रडली. धुरपदाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत होती आणि स्वतःही रडत होती, पण तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

देवराम गोंधळून उभा राहिला. लुगड्याची घडी हातात धरून तो म्हणाला, “मंग गाडी…?”

“गाडी नका आनू, देवरामभाऊ,” धुरपदाबाई डोळे पुसत म्हणाली. “तिनं सांगितलं ते ऐकलं ना तुमी?”